बेचाळीस मिनिटांचा मेंदू

मेंदूतल्या रक्तस्रावाला सामान्यतः मुहूर्त लागत नाही. तो पहाटे न्हाणीघरात होतो, भर दुपारी बँकेच्या रांगेत होतो, लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह चालू असतानाही होतो. अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या इस्पितळी मालिकांत मात्र तो विलक्षण शिस्तीनं वागतो. तो नेहमी जाहिरातींच्या आधी होतो. डॉक्टरीणबाई रुग्णाशी दोन शब्द हसून बोलतात, रुग्णही घरी जायच्या गोष्टी करू लागतो, आणि ‘घरी’ हा शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच त्याचे डोळे वर जातात. यंत्रं किंचाळू लागतात. कुणीतरी धावत येऊन डोळ्यांवर बॅटरी मारतं, ‘एक बाहुली मोठी झालीय!’ असं ओरडतं, आणि लगेच साबणाची जाहिरात. आता मोबाइलवर मालिका पाहताना जाहिराती गेल्या, पण रक्तस्रावाची जुनी सवय काही गेली नाही. तो अजूनही त्याच ठरल्या जागी होतो, आणि साबणाच्या जागी आपण उठून कुकर बंद करून येतो.

या मालिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ‘इआर’ (१९९४ ते २००९) पाहिली, ‘हाउस’ (२००४ ते २०१२) पाहिली आणि २००५ साली सुरू झालेली ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ तर पाहतोच आहे. ती संपायचं नाव घेत नाही. या मालिकेच्या पहिल्या भागात जन्मलेलं मूल एव्हाना मतदान करून मोकळं झालं असेल. इतकं सगळं पाहिल्यावर माणसाला एखाद्या विषयात मत देण्याचा अधिकार प्राप्त होतो, असं आपल्याकडे मानतात. क्रिकेटच्या बाबतीत तर यापेक्षा कमी भांडवलावर लोक मत देतात. तेव्हा मेंदूतल्या रक्तस्रावाच्या चित्रणावर मी चार शब्द लिहिले तर ते आगाऊपणाचं ठरू नये.

पहिला प्रश्न असा, की लेखकांना हाच आजार इतका का आवडतो? मला वाटतं, त्याचं कारण सोयीत आहे. कावीळ झाली तर नट पिवळा रंगवावा लागतो. गोवराला पुरळ चिकटवावं लागतं. पोट फुगलं तर उशी लागते. मेंदूतला रक्तस्राव संपूर्ण आत होतो. नटीची वेणीसुद्धा विस्कटत नाही. शिवाय हा आजार अचानक येतो, त्यावर आरडाओरडा करता येतो, आणि कवटी उघडणारा सर्जन हा जात्याच देखणा असतो असं अमेरिकेत गृहीत धरलेलं दिसतं. आपल्या चित्रपटांनी यासाठी डोक्याला पांढरी पट्टी आणि तिच्यावर कुंकवाएवढा लाल ठिपका ठरवून दिला होता. त्या ठिपक्यामागं स्मृती जायची आणि शेवटच्या रिळात दुसरा फटका बसला की परत यायची. त्या मानानं अमेरिकन माणसं अभ्यासू. निदान ठिपका तरी काढत नाहीत.

अभ्यासू हा शब्द मी थट्टेनं वापरत नाही. ‘इआर’ ज्यानं निर्माण केली तो मायकेल क्रायटन हार्वर्डमध्ये वैद्यक शिकलेला होता. त्याच मालिकेचे एक लेखक नील बेअर हे पुढं बालरोगतज्ज्ञ झाले. ‘हाउस’ला सल्ला देणाऱ्यांत येलच्या डॉक्टर लिसा सँडर्स होत्या. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’च्या लेखिका आणि निर्मात्या झोअ‍ॅन क्लॅक या स्वतः आपत्कालीन विभागात काम केलेल्या डॉक्टर. त्यामुळं या मालिकांतले शब्द चोख असतात. नळीचं नाव बरोबर, औषधाचं नाव बरोबर, मात्रासुद्धा पुष्कळदा बरोबर. माझी तक्रार शब्दकोशाबद्दल नाहीच मुळी. तक्रार आहे ती पंचांगाबद्दल. या मंडळींना वैद्यक येतं. तारीख-वार येत नाही.

उदाहरणादाखल ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’चा अगदी पहिलाच भाग घ्या. मार्च २००५ मध्ये तो दाखवला गेला. सौंदर्यस्पर्धांत भाग घेणारी एक मुलगी झटके येतात म्हणून दाखल होते. स्कॅन स्वच्छ, रक्त स्वच्छ, पण झटके थांबत नाहीत. मेंदूचे मोठे सर्जन डेरेक शेफर्ड नवशिक्या डॉक्टरांना जमवून सांगतात, की हे कोडं जो सोडवील त्याला माझ्याबरोबर शस्त्रक्रियेला उभं राहता येईल. (आमच्या वेळी हेडमास्तर बक्षीस म्हणून कंपासपेटी देत.) मग दोघी नवशिक्या डॉक्टरीणबाई चर्चा करतात, आणि एकीला आठवतं की ही मुलगी कसरतीचा सराव करताना पडली होती, पाय मुरगळला होता. एवढ्या धाग्यावरून त्या मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यापर्यंत पोचतात. अँजिओग्राम होतो. फुगा सापडतो, त्यातून झिरपणारं रक्त सापडतं, आणि संध्याकाळपर्यंत शस्त्रक्रिया.

आता यात खोटं काय? तसं पाहिलं तर फारसं काही नाही. असा फुगा असतो, तो फुटतो, मेंदूच्या आवरणांखाली रक्त पसरतं, काहींना झटकेही येतात, आणि फुगा शोधायला अँजिओग्रामच लागतो. फक्त या आजाराची जी खरी ओळख, तीच गायब आहे. ती म्हणजे डोकेदुखी. ही साधी ‘आज जरा डोकं चढलंय, आल्याचा चहा टाक’ अशी डोकेदुखी नव्हे. क्षणार्धात शिगेला पोचणारी, वीज कोसळल्यासारखी, जन्मात कधी झाली नव्हती अशी. सोबत उलटी, ताठरलेली मान. अशी डोकेदुखी झालेल्याचा स्कॅन पहिल्या सहा तासांत चांगल्या यंत्रावर केला, तर रक्त जवळजवळ नेहमीच दिसतं. दिवस जातात तसं ते दिसेनासं होत जातं, आणि मग पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढतात व त्याला पिवळी झाक आहे का हे पाहतात. म्हणजे निदानाची गुरुकिल्ली मुरगळलेल्या पायात नसून घड्याळात आहे. पण ‘डोकं कधी दुखायला लागलं?’ या प्रश्नावर पहिला भाग उभा राहत नाही. त्याला लागतो मुरगळलेला पाय.

माझा एक भाचा रेडिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे जो फोटो काढत नाही पण काढलेले वाचतो तो डॉक्टर. त्याला शेजारी बसवून मालिका पाहणं हा करमणुकीचा स्वतंत्र प्रकार आहे. पडद्यावर मेंदूचा सर्जन स्वतः रुग्णाला यंत्रात सरकवतो, स्वतः बटणं दाबतो आणि काचेमागं बसून स्वतःच चित्र वाचतो, हे पाहून त्याचा चेहरा पडला.

“मामा,” तो म्हणाला, “या इस्पितळात आम्ही कुठं आहोत?”

“सुट्टीवर असाल.”

“वीस वर्षं?”

मला त्याची दया आली. पण त्याचा मुद्दा खरा होता. या मालिकांत रेडिऑलॉजिस्ट नाही, तंत्रज्ञ नाही, वॉर्डबॉय नाही, बिलाच्या खिडकीवरचा माणूस तर नाहीच नाही. दहा देखणे सर्जन मिळून सगळं इस्पितळ चालवतात. ‘स्क्रब्ज’ नावाच्या विनोदी मालिकेच्या सुरुवातीच्या शीर्षकांत छातीचा एक्स-रे उलटा लावलेला होता. भाच्यानं तेवढ्यावर मात्र दिलखुलास दाद दिली. “हा खरा नवशिका डॉक्टर,” तो म्हणाला.

त्याच भाच्यानं मला स्कॅनवरच्या दोन आकृत्या शिकवल्या. त्या कुणालाही समजतील अशा आहेत. कवटी आणि मेंदूचं जाड आवरण यांच्या मधे रक्त साठलं तर ते भिंगासारखं दिसतं, दोन्ही बाजूंनी फुगीर. आवरण कवटीच्या सांध्यांशी घट्ट चिकटलेलं असतं, त्यामुळं रक्ताला पसरायला जागा मिळत नाही. त्याच आवरणाच्या खाली साठलं तर ते पसरतं आणि चंद्रकोरीसारखं दिसतं. ताजं रक्त पांढरं, जुनं होत जाईल तसं काळपट. पहिला प्रकार बहुधा कानशिलापाशी मार लागून, तिथल्या पातळ हाडामागची धमनी फाटून होतो. त्याची खोड अशी की काही जणांत, सगळ्यांत नव्हे, मार लागल्यावर माणूस भानावर येतो, हसतो, बोलतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. आत धमनी आपलं काम चालूच ठेवते. मग मेंदू दाबला जातो, डोळ्याची बाहुली मोठी होते, नाडी मंदावते.

हा मधला हसरा वेळ पटकथाकारांसाठी देवानं खास निर्माण केला असावा असं वाटतं. परंतु तो पडद्याबाहेरही असतो. मार्च २००९ मध्ये नताशा रिचर्डसन ही इंग्रज अभिनेत्री कॅनडातल्या माँ-त्राँब्लाँ इथं बर्फावरून घसरायला शिकत होती. सोप्या उतारावर पडली. हसून उठली. आलेली रुग्णवाहिका परत पाठवली गेली. पुढं डोकं दुखू लागलं, आणि दोन दिवसांनी ती गेली. वय पंचेचाळीस. शवचिकित्सेत कारण निघालं हेच, कवटीखालचं भिंग. ही घटना एखाद्या मालिकेत असती तर भाचा म्हणाला असता, ‘अतिरंजित’.

डेरेक शेफर्डच्या वाट्याला पुढं हेच आलं. एप्रिल २०१५ मध्ये दाखवलेल्या भागात हा मेंदूचा सर्जन रस्त्यावर दुसऱ्यांचे जीव वाचवतो, मग आपल्या मोटारीत बसतो आणि एक ट्रक त्याला येऊन धडकतो. त्याला नेतात ते एका लहान इस्पितळात. तिथले वरिष्ठ डॉक्टर पोटातल्या रक्तस्रावाच्या मागं लागतात. एक शिकाऊ डॉक्टरीण म्हणत असते की डोक्याचा स्कॅन करू या. तिचं कुणी ऐकत नाही. मेंदूचा सर्जन जेवायला गेलेला असतो आणि वेळेवर येत नाही. येतो तेव्हा उशीर झालेला असतो. दहा वर्षं लोकांची डोकी उघडणारा नायक एका स्कॅनवाचून मरतो.

अमेरिकेत या भागावर पुष्कळ रडणं झालं. माझ्या मते मात्र या मालिकेतलं मेंदूच्या रक्तस्रावाचं सर्वांत खरं चित्र हेच आहे, आणि सर्वांत खोटंही. खोटं अशासाठी, की ट्रकची धडक बसलेल्या, डोक्याला जखम असलेल्या माणसाच्या डोक्याचा स्कॅन अमेरिकेत हातासरशी होतो. ज्या मालिकेत सर्दी झालेल्या माणसालाही यंत्रात घालतात, तिथं नेमका नायकाच्याच वेळी काटकसरीचा झटका यावा? आणि खरं अशासाठी, की माणसं पुष्कळदा अशाच किरकोळ कारणांनी जातात. दुर्मीळ रोगानं नाही, कटकारस्थानानं नाही. कुणी जेवायला गेलं होतं, कुणी धाकट्याचं ऐकलं नाही, एवढ्यानं. शिवाय पोटात रक्त वाहत असेल तर ते आधी थांबवायचं, हा त्या वरिष्ठांचा विचार पुस्तकाप्रमाणं अगदीच चुकीचा नव्हता. दोन्ही गोष्टी एका वेळी पाहायला हव्या होत्या. खऱ्या इस्पितळातल्या चुका अशाच दिसतात: अर्ध्या बरोबर.

उलट बाजूही सांगतो. २००९ सालीच ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या मेरीबरो या लहान गावी, सायकलवरून पडलेल्या एका शाळकरी मुलाला आईनं इस्पितळात आणलं. डॉक्टर रॉब कार्सन यांनी त्याची बाहुली पाहिली आणि ओळखलं की आत भिंग तयार होतंय. मेलबर्न दूर. कवटीला भोक पाडायचं हत्यार इस्पितळात नाही. तेव्हा त्यांनी दुरुस्तीखात्याच्या खोलीतलं घरगुती ड्रिल मागवलं. ज्यानं आपण भिंतीला फोटो टांगायला भोक पाडतो, ते. मेलबर्नचा सर्जन फोनवर सांगतोय, हे इकडं भोक पाडताहेत. रक्त बाहेर आलं, मुलगा वाचला. हा प्रसंग कुठल्याही मालिकेच्या लेखकानं लिहून नेला असता, तर निर्मात्यानं ‘जरा झेपेल असं लिही रे’ म्हणून परत केला असता. तात्पर्य, मालिका फार अचाट दाखवतात ही तक्रार खरी नव्हे. अचाट तर आयुष्य दाखवतं. मालिका जे वगळतात, त्यात खरी गोम आहे.

वगळतात ते काय? तर शस्त्रक्रियेनंतरचे दिवस. त्या सौंदर्यस्पर्धेच्या मुलीचंच पाहा. फुग्याला चिमटा लावला, डोकं शिवलं, सर्जननं टोपी काढली, गाणं सुरू. (आता पुष्कळदा कवटी उघडावीही लागत नाही. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेतात आणि फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, दोन्ही उपाय चालण्यासारख्या रुग्णांमध्ये वर्षभरानंतर तारवाल्यांची प्रकृती अधिक चांगली दिसली. पण तारेला टोपी काढून कपाळावरचा घाम पुसायची सोय नाही.) खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. सांडलेल्या रक्तामुळं चिडलेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्या साधारण चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत आकुंचन पावू शकतात, आणि शस्त्रक्रिया उत्तम झालेल्या माणसाचा हात दहाव्या दिवशी लुळा पडू शकतो. म्हणून निमोडिपीन नावाची गोळी दर चार तासांनी, एकवीस दिवस. रात्री दोन वाजता, सकाळी सहा वाजता, पुन्हा दहा वाजता. हिशेब केला तर एकशे सव्वीस वेळा. ही गोळी देणारी नर्स हीच या आजारातली खरी नायिका. एकवीस दिवस गोळी देण्याचं चित्रण करायला कुठलीही वाहिनी तयार होणार नाही हे मला समजतं. पण निदान एका कोपऱ्यात कॅलेंडर तरी टांगा!

हे नुसतं माझं कुरकुरणं नाही. लोकांनी बसून मोजदाद केली आहे. २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या नऊ दैनंदिन मालिकांतल्या दहा वर्षांत बेशुद्धावस्थेत गेलेल्या चौसष्ट पात्रांचा त्यात हिशेब होता. चौसष्टांपैकी सत्तावन्न ठणठणीत बरी झाली. पाच मेली. दोन तशीच पडून राहिली. आणि बऱ्या झालेल्या सत्तावन्नांपैकी एकोणपन्नास जणांना शुद्धीवर आलेल्या दिवशीच कसलंही वैगुण्य नव्हतं! आठवडेच्या आठवडे निजलेला माणूस उठला, त्यानं बायकोला ओळखलं, आणि बहुधा तिच्या दुसऱ्या नवऱ्यालाही. माझं सांगायचं तर साध्या दुपारच्या झोपेतून उठल्यावर मला आज वार कोणता हे कळायला दहा मिनिटं लागतात.

शुद्ध किती हे मोजायचं एक माप आहे. १९७४ मध्ये ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी, टीसडेल आणि जेनेट यांनी, ते तयार केलं. डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण द्यायचे. जास्तीत जास्त पंधरा, कमीत कमी तीन. शून्य नाही. मेलेल्या माणसालासुद्धा तीन गुण मिळतात. परीक्षकांच्या इतिहासात इतका उदार परीक्षक झाला नसेल. खऱ्या आयसीयूत हे गुण सहावरून सातवर, सातवरून पुन्हा सहावर असे सरकत राहतात, आणि सातवर गेल्याच्या आनंदात घरचे लोक पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवतात. मालिकेत माणूस तीनवरून थेट पंधरावर उडी मारतो. मधले गुण तिथं छापलेलेच नसतात.

२०१८ साली अमेरिकेतल्या फिनिक्सच्या सर्जनांनी तर ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’चे दोनशे एकोणसत्तर भाग पाहून त्यातले दोनशे नव्वद जखमी काढले आणि त्यांची तुलना चार हजार आठशे बारा खऱ्या जखमींशी केली. (हे काम करताना पगार चालू होता की नाही, हे कळलं तर मीही अर्ज करीन.) त्यात मजेची गोष्ट निघाली. मालिकेत माणसं जास्त मरतात! शंभरात बावीस, खऱ्या जगात सात. म्हणजे लेखक फार गोड दाखवतात असंही म्हणायची सोय नाही. पण जे जगले त्यांचं पाहा. मालिकेत शंभरातले सहाच दीर्घकाळ शुश्रूषेच्या ठिकाणी गेले; प्रत्यक्षात बावीस. आणि गंभीर जखमींपैकी निम्मे मालिकेत आठवड्याच्या आत घरी. प्रत्यक्षात पाचातला एक. थोडक्यात, मालिकेत दोनच दरवाजे: एक वर जाणारा, एक घरी जाणारा. तिसरा दरवाजा, ज्यातून माणूस चाकाच्या खुर्चीतून बाहेर पडतो आणि ‘चमचा’ हा शब्द पुन्हा शिकायला लागतो, तो तिथल्या सुतारानं बसवलेलाच नाही.

आणि गंमत अशी की मेंदूत आपोआप होणारे सगळ्यांत जास्त रक्तस्राव ना फुग्याचे, ना भिंगाचे. ते होतात साध्या रक्तदाबानं. वर्षानुवर्षं दाब वाढलेला, गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडलेली, आणि मेंदूच्या गाभ्यातली केसासारखी बारीक धमनी एक दिवस कंटाळून फुटते. यात बहुधा कवटी उघडायची नसते. उपाय म्हणजे दाब खाली आणायचा, लक्ष ठेवायचं आणि मग महिनोन्‌महिने व्यायाम. यात नायक कोण? खलनायक कोण? रोज सकाळी घ्यायच्या गोळीवर मालिका कशी काढायची? म्हणून हा सर्वांत घरगुती रक्तस्राव पडद्यावर फारसा येत नाही, आणि लोकांना वाटतं की मेंदूत रक्तस्राव होतो तो ट्रकखाली आलेल्या सर्जनांना आणि सौंदर्यस्पर्धेतल्या मुलींना.

आमच्या नात्यातल्या आप्पांना जे झालं तेही मी आजतागायत कुठल्याही मालिकेत पाहिलेलं नाही. वय अठ्ठ्याहत्तर. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडखळले, डोकं चौकटीला लागलं, टेंगूळ आलं, हळद लावली, विषय संपला. तीन आठवड्यांनी आप्पा हळू चालू लागले. मग डावी चप्पल पायातून निसटू लागली आणि त्यांना पत्ता लागेना. मग ते सुनेला बहिणीच्या नावानं हाका मारू लागले. घरात एकमत झालं की वय झालं. शेवटी त्यांच्या नातीनं हट्ट धरला म्हणून स्कॅन झाला, तर उजवीकडं ही चंद्रकोर! म्हातारपणी मेंदू जरा आक्रसतो, त्याच्या आणि आवरणाच्या मधल्या शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानं झिरपू लागतात. तेही आठवड्याआठवड्यानं, पागोळ्यांसारखं. सर्जननं कवटीला दोन भोकं पाडली, आतून गॅरेजमधल्या जुन्या तेलासारखं काळपट पाणी निघालं, आणि तिसऱ्या दिवशी आप्पांनी सुनेला तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारून चहा फार गोड झाल्याची तक्रार केली. यात ना धावपळ, ना किंचाळणारी यंत्रं. तीन आठवडे गेलेली आणि एका हट्टी मुलीनं परत आणलेली एक बुद्धी. मला विचाराल तर ‘इआर’च्या पंधरा वर्षांत याहून चांगला भाग नाही.

आप्पांच्या वेळी मी आयसीयूबाहेरच्या बाकावर दोन रात्री काढल्या. बाक स्टीलचं होतं आणि कुठल्याही अंगानं बसलं तरी टोचत होतं. शेजारी एक बाई होती. नवरा रक्तदाबानं आत पडलेला. तिनं आलेल्या डॉक्टरांना विचारलं, “साहेब, डोळे कधी उघडतील? परवा तरी?” डॉक्टर पोरसवदा होता, थकलेला होता. तो म्हणाला, “ताई, डोळे उघडले तरी ते पहिल्यासारखे असतील असं नाही.” बाईला ते वाक्य समजेना. डोळे उघडणं म्हणजे बरं होणं, एवढंच तिला ठाऊक होतं. हे तिला कुणी शिकवलं? कुठल्या पुस्तकानं तर नाही. आपल्या हिंदी-मराठी पडद्यानं शिकवलं असेल, अमेरिकन पडद्यानं तिच्या मुलाला शिकवलं असेल. गुरू निराळे, धडा तोच. आणि मग डोळे उघडलेला पण न ओळखणारा नवरा घरी न्यायची वेळ आली, की त्या माणसांना वाटतं, आपल्याच बाबतीत काहीतरी चुकलं. डॉक्टर चुकला, किंवा नवस चुकला. खरं तर चुकलेलं काहीच नसतं. त्यांनी फक्त तो तिसरा दरवाजा कधी पाहिलेला नसतो.

म्हणून अचूकपणाचा आग्रह हा मला नुसता भाच्यासारख्या तज्ज्ञांचा किरकिरेपणा वाटत नाही. २०१० मध्ये कॅनडाच्या डलहौसी विद्यापीठातल्या मंडळींनी ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’, ‘हाउस’, ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’ आणि ‘इआर’मधले एकोणसाठ झटके तपासले. जवळजवळ निम्म्यांत पडद्यावरच्या डॉक्टरांनी आणि नर्सांनी करू नये तेच केलं: माणसाला दाबून धरलं, तोंडात काहीतरी कोंबलं. आपल्याकडे झटका आलेल्याला चप्पल हुंगवतात म्हणून आपण शरमतो. कोट्यवधी डॉलर खर्चून त्यांनी आपल्या चपलेच्या पंक्तीलाच येऊन बसावं, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. झटका आला तर कुशीवर वळवावं, आसपासच्या टोकदार वस्तू हलवाव्या, घड्याळ पाहावं. तोंडात काही घालू नये. एवढं दाखवायला एक पैसा जादा लागला नसता.

तेव्हा या मालिकांच्या लेखकांकडं माझं मागणं मोठं नाही. प्रेमप्रकरणं ठेवा. लिफ्टमधले दीर्घ कटाक्ष ठेवा. सर्जन देखणेच असू द्या. आमची ना नाही. फक्त दर दहा रुग्णांमागं एक असा दाखवा, की जो वाचला पण पूर्ण परत आला नाही, आणि त्याच्या घरच्यांनी त्याला तसाच पदरात घेतला. एखादा असा दाखवा की ज्याला आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी झाली आणि तो चहा न पिता सरळ इस्पितळात गेला. एखादी हट्टी नात दाखवा. आणि रेडिऑलॉजिस्टला एका भागात तरी काम द्या. संवाद नसला तरी चालेल. भाचा म्हणतो, नुसता पाठमोरा बसवला तरी त्याच्या आईला फार बरं वाटेल.